गळा कुणाचा, नाव कुणाचं?

फिलिपिन्सची बाई जगाला मुख्यतः दोन कामांसाठी ठाऊक आहे. एक, दुसऱ्यांची घरं आणि आजारी माणसं सांभाळायला. दुसरं, गायला. टोकियोपासून दुबईपर्यंत कुठल्याही मोठ्या हॉटेलात संध्याकाळी गाणारी मुलगी फिलिपिनो असण्याची शक्यता पुष्कळ. ती गाते मात्र गिऱ्हाइकाला हवं ते, गिऱ्हाइकाच्या भाषेत. २००४ साली एकट्या जपानमध्ये ‘मनोरंजन कलाकार’ या व्हिसावर ८० हजारांहून अधिक फिलिपिनो माणसं गेली आणि त्यांत बायकाच बहुसंख्य होत्या. कागदावर या साऱ्या गायिका आणि नर्तकी. प्रत्यक्षात त्यांतल्या कितीतरी जणींना बारमध्ये पुरुषांशेजारी बसून दारू ओतावी लागे, आणि पुढचं शोषण वेगळं सांगायला नको. या व्यवहारावर जगभरातून टीका झाली तेव्हा कुठे २००५ साली जपानने नियम कडक केले. म्हणजे गळा बाईचा, पण गाणं तिचं नाही, भाषा तिची नाही, आणि मिळकतीतला मोठा वाटा दलालाचा.

याच देशात ताओ म्युझिक नावाची एक छोटी, स्वतंत्र रेकॉर्ड कंपनी उभी राहिली. गायिका ग्रेस नोनो आणि जॅझ गिटारवादक बॉब आवेस या दोघांनी ती काढली. ‘ताओ’ या फिलिपिनो शब्दाचा अर्थ ‘माणूस’. चिनी तत्त्वज्ञानातल्या ताओशी त्याचा संबंध नाही. त्या भाषेत ‘ताओ’ म्हटलं की बाई की पुरुष हे कळत नाही, आणि ‘तो’ आणि ‘ती’ यांनाही एकच शब्द आहे. मी संगीताची जाणकार नाही, चळवळीतली एक कार्यकर्ती आहे. तरीही या कंपनीविषयी लिहावंसं वाटलं, कारण बायकांचा आवाज ‘पोचवण्याचं’ काम आपणही करतो, आणि ते करताना नेमकं काय करायचं नि काय टाळायचं याचा एक चांगला धडा तिच्या कामात आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. ताओ म्युझिकने काढलेल्या ग्रेस नोनोच्या स्वतःच्या ध्वनिफिती चांगल्याच आहेत. पण जिथे ती स्वतः गप्प बसली आणि दुसऱ्या बायकांना त्यांच्या नावानिशी गाऊ दिलं, ते काम त्याहून मोठं आहे.

बाजार आणि चळवळ

फिलिपिन्सवर स्पेनने तीनशेहून अधिक वर्षं राज्य केलं, त्यानंतर अमेरिकेने १९४६ पर्यंत. रेडिओ आला तो अमेरिकन अमदानीत, आणि अमेरिकन गाणी घेऊनच आला. स्वातंत्र्यानंतरही आपल्याच देशातली गाणी रेडिओवर लागावीत म्हणून सरकारला हुकूम काढावे लागले. मार्कोसच्या राजवटीत १९७०च्या दशकात तासाला किमान एक, मग दोन, मग तीन फिलिपिनो गाणी वाजवण्याची सक्ती झाली. पुढे १९८७ साली राष्ट्राध्यक्ष कोराझोन आकिनो यांनी हुकूम क्रमांक २५५ काढून हा आकडा तासाला चार केला. या सक्तीला स्टेशनं कशी बगल देत, ती कथा वेगळीच. पण स्वतःच्या देशात स्वतःची चार गाणी ऐकवायला कायदा लागावा, यातच सगळं आलं.

शिवाय ‘फिलिपिनो गाणं’ म्हणजे कुणाचं गाणं? मनिलातल्या मोठ्या कंपन्यांना ते प्रेमगीत असलं की पुरे. १९९३ साली एका बहुराष्ट्रीय कंपनीने ‘एरेझरहेड्स’ या चार विद्यार्थी-तरुणांच्या बँडची पहिली फीत काढली आणि देशभर बँडची लाट आली. लाट उत्साहाची होती, भाषाही पुष्कळशी लोकांची होती. पण गिटार हातात घेऊन पुढे उभा राहणारा बहुतेक वेळा पुरुषच. आणि मिंदानाओच्या डोंगरातल्या म्हाताऱ्या बाईचा आवाज तर या साऱ्या हिशेबात कुठे बसतच नव्हता.

या बाजाराबाहेर एक दुसरा प्रवाह होता, तो चळवळीचा. १९७२ साली मार्कोसने लष्करी कायदा पुकारला. त्या काळात आणि त्यानंतर गाणी मोर्च्यांतून, विद्यापीठांतून आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींतून पसरली. जोई आयाला आणि त्याच्या ‘बागोंग लुमाद’ या गटाने १९८२ साली पहिली फीत केली ती दाव्हाओमधल्या एका कामचलाऊ स्टुडिओत. पुढे या गटात गायला आलेली बायांग बारिओस ही मनोबो आदिवासी मुलगी. ती आगुसान देल सुर प्रांतातल्या बुनावान गावची. ग्रेस नोनोही याच प्रांतातली.

आणि बायकांची म्हणाल, तर ‘इनांग लाया’ ही जोडी होती. इनांग लाया म्हणजे ‘स्वातंत्र्यमाता’. कारिना कॉन्स्तांतिनो-डेव्हिड आणि बेकी देमेतियो-अब्राहम या दोघी. त्यांचं ‘बाबाए’ म्हणजे ‘बाई’ हे गाणं तिथल्या स्त्रीचळवळीत घरचंच झालं. होसे रिसालच्या कादंबऱ्यांतल्या सोशिक, रडणाऱ्या, वेड लागलेल्या नायिका ते एका बाजूला ठेवतं आणि दुसऱ्या बाजूला खऱ्या, लढलेल्या बायकांची नावं घेतं. त्यांत गाब्रिएला सिलांग आहे. तिला १७६३ साली स्पॅनिशांनी फाशी दिलं आणि १९८४ साली स्थापन झालेल्या ‘गाब्रिएला’ या स्त्री-संघटनांच्या आघाडीने तिचंच नाव घेतलं. लिलिओसा हिलाओ ही विद्यार्थिनीही आहे, १९७३ साली कैदेत मारली गेलेली. नुसती नावं घेणं हेसुद्धा राजकारण असतं, हे या गाण्यावरून कळतं. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ताओ म्युझिक

ग्रेस नोनोचं शिक्षण मनिलाजवळच्या कलाशाळेत आणि विद्यापीठात झालं. शहरी श्रोत्यांना आवडणारी गाणी तिला चांगली गाता येत होती आणि त्याच वाटेने ती गेली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. ती वळली ती आपल्या मुलखाकडे, मिंदानाओच्या आणि इतर बेटांवरच्या आदिवासींच्या गाण्याकडे. १९९०नंतरच्या दशकात तिच्या ध्वनिफिती एकामागून एक आल्या. १९९५ साली ‘ओपो’ म्हणजे आदराने म्हटलेलं ‘हो’, १९९७ साली ‘इसांग बुहाय’ म्हणजे ‘एकच आयुष्य’. पुढे २००२ साली ‘दिवा’ आली. हा शब्द चैतन्य, अंतःप्रज्ञा अशा अर्थाचा. २००९ साली आली ‘डालिट’. हा आपला ‘दलित’ नव्हे. तिथे डालिट म्हणजे स्तोत्र, प्रार्थना. पण त्यांच्याकडच्या ‘दिवाता’ म्हणजे मात्र आपल्या ‘देवता’च. तो शब्द संस्कृतातूनच समुद्रापार गेलेला आहे.

या गाण्यांत एकीकडे जॅझ गिटार आणि ड्रम, तर दुसरीकडे घंटा, बांबूची वाद्यं आणि कधी शब्दांचा, कधी नुसत्या स्वरांचा आलाप. मोठ्या कंपनीला असलं काही विकायचं कसं हेच कळत नाही. ते दुकानाच्या कोणत्या खणात ठेवायचं इथपासून प्रश्न. म्हणून स्वतःची कंपनी. छोट्या कंपनीत पैसा कमी, जाहिरात नाही, प्रती मोजक्या. पण कोणतं गाणं, कोणत्या भाषेत, किती लांबीचं, हे ठरवणारा माणूस बाहेरचा नसतो. एका मैत्रिणीने मनिलाच्या बैठकीहून परत येताना मला ‘इसांग बुहाय’ची फीत आणून दिली होती. भाषेचा एक शब्द कळत नसताना मी ती झिजेपर्यंत ऐकली.

१९९९ साली आलेली ‘हुलागपोस’ ही आपल्याला विशेष जवळची. हुलागपोस म्हणजे बंधन तोडून सुटणं. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धच्या कविता आणि गाणी तीत एकत्र केली आहेत. तिचा काळ पाहा. तिथे बलात्कार हा १९३०च्या दंडसंहितेप्रमाणे ‘शीलाविरुद्धचा’ गुन्हा होता. म्हणजे बाईवर नव्हे, तिच्या पावित्र्यावर झालेला घाला! स्त्री-संघटनांच्या लढ्यानंतर १९९७ साली नव्या कायद्याने तो ‘व्यक्तीविरुद्धचा’ गुन्हा ठरला. घरातल्या हिंसेविरुद्धचा कायदा मात्र यायला २००४ साल उजाडलं. ‘हुलागपोस’ या दोन कायद्यांच्या मधली. एक लढाई जिंकलेली, दुसरी चालू. त्या वेळी या विषयावरचं गाणं कोणत्या व्यापारी कंपनीने काढलं असतं? पत्रकं आपण साऱ्याजणी काढतो, पण जिथे पत्रक वाचलं जात नाही तिथे गाणं शिरतं. त्यासाठी मात्र ते छापणारं, काढणारं, स्वतःचं असं काहीतरी हातात लागतं.

आज्यांची नावं

आता मला जे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं त्याकडे येते. लोकगीतं आणि आदिवासी गाणी घेऊन मोठे झालेले कलाकार जगात सगळीकडे आहेत. पद्धत ठरलेली असते. शहरातला कलाकार गावात जातो, चाल उचलतो, तिला वाद्यांची झालर लावतो, आणि वेष्टनावर छापतो ‘पारंपरिक’. पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही! जिच्या तोंडून चाल घेतली ती म्हातारी त्या एका शब्दाखाली गाडली जाते. ग्रेस नोनोनेही वेगवेगळ्या जमातींच्या चाली घेतल्या, तेव्हा हा प्रश्न तिलाही विचारायलाच हवा.

त्याचं उत्तर ताओ म्युझिकने कामातून दिलं. कंपनीने मूळ गायकांचीच ध्वनिमुद्रणं काढायला सुरुवात केली. मिंदोरो बेटावरच्या हानुनुओ मांग्यान लोकांच्या गाण्यांची आणि ‘आंबाहान’ या सात अक्षरी ओळींच्या काव्याची ‘मारिनो’. ही माणसं हे काव्य स्वतःच्या लिपीत सुरीने बांबूवर कोरतात. आगुसानमधल्या मनोबो, हिगाओनोन आणि बान्वाओन लोकांच्या संगीताची ‘काहिमुनान’. त’बोली लोकांचा वीरनायक तुदबुलुल याची कथा मेंडुंग साबाल या बाईच्या आवाजात. आणि मारानाओ लोकांच्या महाकाव्याचं गायन सिंदाओ बानिसिल या बाईच्या आवाजात. या ध्वनिफितींवर ग्रेस नोनो गात नाही. गायिकेने काढलेल्या कंपनीने गायिकेला बाजूला ठेवून काढलेल्या या ध्वनिफिती आहेत. वेष्टनावर ‘पारंपरिक’ या एका शब्दाऐवजी गाणाऱ्या बाईचं नाव आहे.

वीरकथा आणि महाकाव्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. पोवाडा गाणारा शाहीर येतो. इथे मात्र वीराची कथा बाईच्या स्मरणात आणि तिच्या गळ्यात आहे. उत्तरेकडच्या इफुगाओ लोकांचं ‘हुदहुद’ही मुख्यतः म्हाताऱ्या बायकाच गातात, भाताच्या पेरणी-कापणीला आणि मयताच्या जागरणाला. मिंदानाओत ‘कुलिंतांग’ म्हणजे ओळीत मांडलेल्या आठ घंटांवर मुख्य चाल वाजवणं हे परंपरेने बायकांचं काम. बॉब आवेसने २००६ साली याच घंटांच्या सुरांशी जॅझचा मेळ घालून एक ध्वनिफीत केली. तीही ऐकण्यासारखी आहे. पण ती ऐकण्याआधी घंटा वाजवणाऱ्या बायका ऐकाव्यात, असा माझा आग्रह आहे.

कायद्याला न दिसणारी बाई

नाव छापलं म्हणजे न्याय झाला का? नाही. इथे कायद्याची अडचण येते. स्वामित्वहक्काचा कायदा एक कर्ता शोधतो. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या काव्याला असा कर्ता नसतो, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ते मोकळ्या माळासारखं, कुणीही यावं आणि कुंपण घालावं. गंमत अशी, की ध्वनिमुद्रण झालं की त्या मुद्रणाचा हक्क मात्र निर्माण होतो. फिलिपिन्समध्ये तो ५० वर्षांचा असतो. म्हणजे हजार वर्षांचं गाणं कुणाचंच नाही आणि त्याची दोन तासांची फीत कंपनीची!

फिलिपिन्सने १९९७ साली आदिवासी हक्कांचा कायदा केला. जमातीच्या मुक्त, आधी घेतलेल्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय तिची सांस्कृतिक वा धार्मिक संपत्ती घेतली असेल, तर ती परत मिळण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. कागदावर हे फार चांगलं आहे. पण गाणं ज्या जमिनीवर उभं असतं ती जमीनच जात असेल तर? १ सप्टेंबर २०१५ रोजी सुरिगाओ देल सुर प्रांतात लुमाद मुलांच्या शाळेच्या प्रमुखाला आणि दोन स्थानिक पुढाऱ्यांना ठार मारण्यात आलं. २०१७ साली मारावी या मारानाओ लोकांच्या शहरात पाच महिने लढाई चालली. शहराचा मध्यभाग जमीनदोस्त झाला आणि साडेतीन लाखांहून अधिक माणसं घरदार सोडून गेली. मारानाओ महाकाव्य ‘दारांगेन’ त्याआधीच, २००५ साली, युनेस्कोच्या मानाच्या यादीत आलेलं होतं. काव्याला जगाचा मान मिळाला आणि ते गाणाऱ्यांच्या वाट्याला छावणीतले तंबू आले. रेकॉर्ड कंपनी हे थांबवू शकत नाही. पण ज्या समाजाची नावानिशी ओळखच नाही त्याचं उद्‌ध्वस्त होणंही बातमीत नुसता आकडा होऊन जातं. मेंडुंग साबालचा आवाज ऐकलेल्या माणसाला ‘त’बोली’ हा शब्द पुन्हा नुसता नकाशावरचा शब्द वाटत नाही. एवढं तरी ही छोटी कंपनी करू शकली.

प्रतीक की शेजारीण?

ग्रेस नोनो इथेच थांबली नाही. २००८ साली तिने या मौखिक गायकांवर पुस्तक लिहिलं, २०१३ साली ‘बाबायलान’वर दुसरं, आणि २०२१ साली तिसरं. बाबायलान म्हणजे देवतांशी आणि पूर्वजांशी बोलणारी, आजार बरे करणारी, गाणारी बाई. स्पॅनिश पाद्र्यांनी तिला चेटकीण ठरवलं, तिचा छळ केला. आजच्या शहरी स्त्रीवाद्यांनी, विशेषतः परदेशात राहणाऱ्या फिलिपिनो बायकांनी, तिला उलट आपलं प्रतीक केलं. वसाहतवादाआधीची स्वतंत्र, बलवान बाई म्हणून. ग्रेस नोनोचं म्हणणं मला फार पटलं. ती विचारते, की बाबायलान जणू इतिहासजमा झाली असं समजून तुम्ही तिच्या नावाने बोलता, पण ती तर आजही खेड्यांत आहे, गाते आहे. तिचं म्हणणं कधी विचारलंत का?

मैत्रिणींनो, हा प्रश्न फक्त फिलिपिन्सचा नाही. जात्यावरची ओवी आपल्या किती भाषणांत, किती पोस्टरांवर, किती शिबिरांत येते! ‘एक अनामिक कष्टकरी स्त्री म्हणते’ अशी तिची ओळख करून देतो आपण. ती अनामिक का? नाव विचारायला किती वेळ लागतो? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या त्या गाणारीचं नाव आणि गाव टिपून, म्हणूनच आज त्या बायका आपल्याला माणसं म्हणून भेटतात. जे त्यांना जमलं ते आपल्या छोट्या संघटनांना न जमण्यासारखं नाही.

ताओ म्युझिकच्या कामावरून मी माझ्यापुरते चार नियम केले आहेत, तुमच्यापुढे ठेवते. एक, गाणारीचं नाव, गाव आणि भाषा आधी, संस्थेचं नाव नंतर. दोन, परवानगी म्हणजे यंत्र चालू करतानाचं ‘चालेल ना?’ नव्हे. गाणं कुठे वाजेल, कोण ऐकेल, पैसे आले तर कुणाचे, हे तिला समजेल अशा शब्दांत बोलायचं. तीन, मुद्रणाची प्रत आधी तिच्या घरी गेली पाहिजे. चार, काही गाणी विधीची असतात, ती बाहेर न्यायची नसतात. ‘हे नको’ असं ती म्हणाली तर यंत्र बंद. ते गाणं गेलं तर गेलं. प्रत्येक आवाज साठवून ठेवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही.

यावर काहीजणी म्हणतील, की या फिती ऐकल्या किती लोकांनी? खरंच, फार थोड्यांनी. बाजाराच्या मापाने ताओ म्युझिक हे एक किरकोळ दुकान. पण ज्या देशातून दरवर्षी हजारो बाया दुसऱ्यांची गाणी गायला बोटीवर आणि विमानात चढत आल्या, तिथे काही बाया आपल्याच जागी बसून, आपल्याच भाषेत, आपल्या नावानिशी गायल्या आणि ते नोंदलं गेलं. संख्येत ते मोजता येत नाही म्हणून ते लहान ठरत नाही.

तुमच्या गटाकडे कॅसेटी असतील, मोबाइलमध्ये साठवलेली गाणी असतील. एखाद्या रविवारी ती काढून बसा आणि प्रत्येकीसमोर गाणारीचं नाव लिहिता येतं का ते पाहा. जिथे येणार नाही तिथे त्या गावी पुन्हा जावं लागेल. तसं कुणी गेलात, तर काय झालं ते या अंकाला जरूर लिहून कळवा.